‘उद्यापासून बंद’ म्हणण्याआधी : हिंगोली जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी व्यसनमुक्तीची वाट

व्यसनाविषयी वाचकांचे प्रश्न गावागणिक फारसे बदलत नाहीत. पोराला न सांगता जेवणातून औषध देता येईल का? केंद्रात टाकलं तर किती दिवसांत सुधारेल? नवऱ्याने शपथ घेऊन दारू एकदम सोडली आणि तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर माणसं दिसायला लागली, हे काय झालं? औषध घेतलं तर गावात ‘वेडा’ म्हणून शिक्का बसेल का? आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न : सुरुवात कुठून करायची?

सेनगावच्या वाडीवर राहा की वसमतच्या बाजारपेठेत, उत्तर तेच आहे. सुरुवात डॉक्टरांपासून करायची, आणि ज्याला व्यसन आहे तो तयार नसेल तर घरच्यांनी त्याच्याविना करायची. दारूवर इथे जास्त लिहिलं आहे, कारण सर्वाधिक प्रश्न तिच्याविषयीच येतात आणि ती सोडताना चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

हे ‘कधीमधी घेणं’ आहे की व्यसन?

किती घेतो, देशी घेतो की इंग्लिश, स्वतःच्या पैशाने घेतो की मित्रांच्या, यावरून व्यसन ठरत नाही. गेल्या वर्षभराचा विचार करून पुढच्या गोष्टी पडताळा :

- ‘एकच’ म्हणून बसतो आणि उठता येत नाही.
- आधी जेवढ्यात चढायची, तेवढ्यात आता काहीच होत नाही.
- सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, आणि उतारा घेतल्यावरच बरं वाटतं.
- दिवसभर डोक्यात तोच विचार, मिळाली नाही तर जीव कासावीस.
- शेत, दुकान, मुलं, नातीगोती मागे पडत चालली आहेत.
- डॉक्टरांनी काविळीचा, पोटाचा इशारा दिला तरी थांबता येत नाही.

यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी एकत्र दिसत असतील तर त्याला आजार समजा. मेंदूला त्या पदार्थाची सवय झालेली असते. त्यामुळे ‘मनावर घेतलं तर सुटेल’ हे वाक्य त्याला मदत करत नाही. शंभरदा मनावर घेऊन शंभरदा हरल्याची लाज मात्र वाढवते. सकाळचा उतारा सुरू झाला असेल तर या यादीतलं बाकी काही मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठली ना कुठली मदत मिळाली होती. उरलेल्यांच्या घरी शपथा, भांडणं आणि पावडरी, एवढंच चालू असतं.

दारू एकदम बंद करू नका

हे वाचून अनेकांना धक्का बसेल, पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी, डॉक्टरांना न दाखवता दारू एकदम तोडणं धोक्याचं आहे. दारू मेंदूला सतत मंद ठेवते आणि मेंदू तिच्या विरुद्ध जोर लावून काम चालू ठेवतो. दारू अचानक गेली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटचा घोट घेतल्यानंतर साधारण असं घडतं :

- सहा ते चोवीस तास : हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं.
- पहिले दोन दिवस : झटका (फिट) येऊ शकतो, आयुष्यात कधी आला नसेल तरीही.
- दुसऱ्या ते चौथ्या दिवसात : काहींना भ्रम होतो. माणसं, किडे, साप दिसतात, आवाज ऐकू येतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, अंग कापतं.

ही शेवटची अवस्था सगळ्यात घातक असते. नेमकी तीच बघून घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालं.’ मग अंगारा, उतरवणं, कुणाकडे तरी नेऊन मारहाण. यात जे तास जातात, ते उपचाराचे असतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्ह्यापेक्षा मोठी गोष्ट ही, की योग्य उपचार मिळाले तर असा माणूस बहुतेक वेळा काही दिवसांत शुद्धीवर येतो, आणि मिळाले नाहीत तर दगावू शकतो.

झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, भोवतीच्या टणक वस्तू बाजूला सारा. तोंडात चमचा, कापड, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. १०८ ला फोन करा. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर नेऊ नका, वाटेत दुसरा झटका येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट जवळच्या दवाखान्यात आवर्जून बोला. अशक्त झालेल्या पेशंटला सलाईन लावायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘हे रोज दारू पितात, बी-१ चं इंजेक्शन आधी देणार ना?’ एवढं विचारायला संकोचू नका. डॉक्टरांपासून दारू लपवली तर त्यांना हे कळायला मार्ग नसतो.

दारू अचानक मिळेनाशी झाली की काय होतं, ते आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. एप्रिल २०२१ च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी इथे दुकानं बंद असताना काही जणांनी सॅनिटायझर प्यायलं आणि किमान सात जणांचा मृत्यू झाला. तलफ कुठवर नेते, हे त्यावरून समजावं.

माळ घालायची असेल तर

नर्सी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ‘माळ घातली की सुटते’ हे वाक्य कुणी सहज बोलत नाही. माळ घालून खरोखर सुटलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. माळ, हरिपाठ, दिंडीतली माणसं यांतून व्यसनी माणसाला फार मोलाच्या गोष्टी मिळतात : संध्याकाळची वेळ भरून निघते, सोबत बदलते आणि नको म्हणायला सगळ्यांना मान्य असलेलं कारण मिळतं. ‘मी माळकरी आहे’ म्हटल्यावर आग्रह थांबतो. कुठल्याही गोळीत ही ताकद नाही.

पण पहिल्या चार-पाच दिवसांतला झटका आणि भ्रम माळ थांबवू शकत नाही, ते काम औषधाचं आहे. म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवून घ्या आणि माळ त्यानंतरच्या एकादशीला घाला. दारू तोडण्याच्या पहिल्या आठवड्यात कडक उपवास नको. त्या काळात शरीराला पाणी, अन्न आणि जीवनसत्त्वं नेहमीपेक्षा जास्त लागतात. कीर्तनकार आणि गावातल्या ज्येष्ठ माळकऱ्यांनी एवढं सांगितलं तर लोक डॉक्टरांपेक्षा त्यांचं लवकर ऐकतील.

माळ घातल्यावर पुन्हा प्यायला, तर ‘देवाचा कोप’ म्हणून त्याला गावातून उठवू नका. शरमेने माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडला की परत बाटलीकडेच जातो.

पहिला दरवाजा सरकारी रुग्णालयाचा

महागड्या केंद्राची चौकशी करण्याआधी हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय गाठा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांतूनच चालतो. केस पेपर काढताना ‘मानसोपचार विभाग’ म्हणून सांगा. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तरी तिथून चिठ्ठी घेऊन पुढे पाठवतात. वसमतकडच्या लोकांना नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जाण्यासारखं आहे. मनोविकार तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे निघण्याआधी फोनवर किंवा आशाताईंकडून विचारून घ्या. मजुरी बुडवून केलेली पहिली खेप वाया गेली की दुसरी सहसा होत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे.

जाताना सोबत घ्या :

- आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (बीपी, शुगर, झोपेच्या).
- रोज किती, काय आणि शेवटचं कधी घेतलं, याची खरी नोंद.
- आधी कधी सोडली होती का आणि तेव्हा झटका किंवा भ्रम झाला होता का, हे सांगू शकणारा घरचा माणूस.

तिथे काय होतं? प्रकृती बघून डॉक्टर भरती करायचं की घरून औषध द्यायचं ते ठरवतात. आधी झटका येऊन गेला असेल, वय जास्त असेल किंवा लिव्हर खराब असेल तर भरती व्हा म्हटल्यावर घासाघीस करू नका. थरथर आणि झटके थांबवणाऱ्या गोळ्या साधारण आठवडा-दहा दिवस रोज कमी करत देतात, सोबत थायमिन. त्या गोळ्या घरच्यांनी स्वतःकडे ठेवाव्यात आणि डॉक्टरांनी थांबवल्या की थांबवाव्यात. मेडिकलवरून परस्पर आणून चालू ठेवल्या तर त्यांचंच व्यसन लागतं. दारू आणि या गोळ्या एकत्र घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

हा झाला पहिला टप्पा, आणि बहुतेक घरं इथेच थांबतात. ‘आता बरा झाला’ म्हणून पुढच्या तारखेला कुणी जात नाही. वास्तविक तलफ कमी करणारी औषधं आणि समुपदेशन यांची खरी गरज इथून पुढे असते, आणि ते महिनोन्‌महिने चालतं.

तो यायलाच तयार नाही

मग तुम्ही जा. आई, बायको, भाऊ, कुणीही. मानसोपचार विभागात घरच्यांनी एकट्याने जाऊन सल्ला घेता येतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो, तर अल-अॅनॉन हा दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांचाच गट आहे. अशा गटांत बसलेल्या बायका सांगतात, की नवरा सुधारण्याआधी त्या स्वतः रात्री झोपायला लागल्या. हा फायदा मला लहान वाटत नाही.

घरात काय करून पाहता येईल :

- बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही.
- ‘तू असाच आहेस’ म्हणू नका. घडलेलं सांगा : ‘परवा पोरीची फी भरायला दिलेले पैसे संपले. तिने शाळेत जायचं टाळलं.’
- मागणी एकच आणि छोटी ठेवा : ‘सोमवारी माझ्यासोबत दवाखान्यात चल.’ जन्मभराची शपथ मागू नका.
- त्याची उधारी फेडणं, मुकादमाला किंवा साहेबाला खोटं सांगणं, झालेला तमाशा सकाळी झाकणं थांबवा. त्याच्या पिण्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजत राहिलं, तर थांबायचं कारण त्याला दिसत नाही.
- जेवण, औषध आणि माया मात्र तोडू नका.

न सांगता भाजीत मिसळायच्या पावडरीविषयी स्पष्टच लिहितो : देऊ नका. जाहिरातीतल्या पुड्यांत काय असतं हे कळायला मार्ग नसतो. आणि डायसल्फिरम हे खरं औषध डॉक्टर रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात, कारण त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होऊन उलट्या, छातीत दुखणं, रक्तदाब घसरणं, क्वचित मृत्यूही ओढवतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही, तो पिणारच.

मारहाण होत असेल तर त्याच्या आजाराचा विचार बाजूला ठेवून आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करा. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिलांसाठी. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. राहतं घर तुमच्या नावावर नसलं तरी तिथून तुम्हाला बेकायदा बाहेर काढता येत नाही. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

‘मरून जातो’ हे वाक्य दारूच्या नशेतलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या भागात घराघरांत फवारणीचं औषध असतं. ते कुलपात ठेवा किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवून या, आणि त्याच दिवशी मदत मागा.

निवासी केंद्र निवडताना

सगळ्यांनाच केंद्रात राहायची गरज नसते. घरून औषध घेऊन वारंवार घसरण होत असेल, गावातली सोबतच सुटत नसेल, तर उपयोग होतो. महाराष्ट्रात या कामाचा पाया घालणाऱ्यांत मुक्तांगणचं नाव अग्रभागी आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. मारहाण नाही, अपमान नाही, आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेले लोकच नव्यांचा हात धरतात, ही तिथली रीत. इतर कुठल्याही केंद्राला हीच फूटपट्टी लावा. पैसे भरण्याआधी जाऊन पाहा आणि विचारा :

- मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
- मनोविकार तज्ज्ञ कोण, आणि ते आठवड्यात किती वेळा येतात?
- पहिल्या आठवड्यात झटका आला तर रात्री काय व्यवस्था आहे?
- घरच्यांना भेटता, फोनवर बोलता येतं का?
- बाहेर पडल्यावर फॉलोअप कसा घेता?

‘रात्री गाडी पाठवतो, चार माणसं उचलून आणतील, तुम्ही तीन महिने भेटू नका’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. स्वेच्छेने भरती झालेल्या सज्ञान माणसाला घरी जायची मागणी करण्याचा हक्क आहे. त्याच्या मनाविरुद्ध ठेवायचं असेल तर कायद्याच्या कडक अटी आहेत : जिवाला किंवा दुसऱ्याला धोका असावा, मनोविकार तज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासणी केलेली असावी आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा वेगळी प्रक्रिया. साखळीने बांधणं कोणत्याही कारणासाठी मनाई आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवणं, मागितल्यावर उपचाराची कागदपत्रं देणं हेही केंद्राला बंधनकारक आहे. तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते. त्यासाठीही विधी सेवा प्राधिकरण मदत करतं.

गांजा किंवा तत्सम पदार्थ घेणाऱ्या पोरांचे पालक पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ त्यांच्यासाठी आहे. फक्त सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेल्या व्यसनी माणसाने मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून पूर्ण उपचार घेतले, तर खटल्यापासून सवलत मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते.

तंबाखू, गुटखा, मिसरी

तंबाखू एकदम सोडली तर जिवाला धोका नसतो, मात्र पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता होते. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं. ते पानासारखं चघळत राहू नका. थोडं चावून गालाशी धरून ठेवा, आणि चहानंतर पंधरा मिनिटं थांबून मगच घ्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो मिळतो हे खरं आहे, त्यामुळे टपरीवरची उठबस बदलावीच लागेल. मिसरीला आपल्याकडे व्यसन मानत नाहीत. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि गरोदर बाईने लावली तर ती बाळापर्यंत पोचते. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर खरोखर लागतो, तिथे सोडण्यासाठी सल्ला देतात.

पुन्हा प्यायला तर

बरीच माणसं एकदा तरी घसरतात. ज्यांनी वर्षानुवर्षं सोडली आहे त्यांच्यातही ‘स्लिप’ झालेले पुष्कळ आहेत. घसरणीच्या जागा आधी ओळखता येतात : हळदीची पट्टी हातात पडलेली संध्याकाळ, पोळा, हिंगोलीचा दसरा, लग्नाची वरात, निवडणुकीचे दिवस. बाजारात हळद घालायला जाताना सोबत घरचं माणूस असावं आणि पैसे थेट बँक खात्यात घ्यावेत. ऊसतोडीला जाणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगून जास्त दिवसांची औषधं आणि चिठ्ठी सोबत घ्या, कारण अडचण कोपीवर असतानाच येते.

स्लिप झालीच तर त्याच आठवड्यात परत डॉक्टरांकडे जा. आधीचे महिने फुकट गेले असं धरू नका. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत आणि नाव सांगायची सक्ती नसते. तिथे एकच गोष्ट ठरवायला सांगतात : आज प्यायची नाही.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

- १४४१६ : टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास, मराठीत.
- १४४४६ : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.
- १०४ : आरोग्य सल्ला. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी कुटुंबांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाचे समुपदेशकही याच नंबरवर.
- १०८ : अॅम्ब्युलन्स.

आणि ‘लग्न करून दिलं तर सुधारेल का?’

नाही. जबाबदारी आली की दारू सुटते याला काहीही आधार नाही. फक्त तिचा भार एका अनोळखी मुलीवर पडतो. आधी उपचार घ्या. किमान वर्षभर तो त्यातून बाहेर राहू दे. त्यानंतर स्थळ बघायला जाल तेव्हा मुलीला आणि तिच्या घरच्यांना खरं काय ते सांगा, चालू असलेल्या औषधांसकट.